बिननंबरी हिवाळा

सुक्कोथच्या सणाचे मांडव उतरले, त्यावरच्या झावळ्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या, की दोनचार दिवसांत आमच्या येरुहामच्या मैदानावर धोबी येतात. धोबी म्हणजे ते शेपूट वरखाली करत तुरुतुरु चालणारे राखी-पांढरे पक्षी. लहानपणी रेवदंड्याला थंडीच्या तोंडावर ते आमच्या विहिरीपाशी यायचे. इथे नेगेवच्या वाळवंटातही नेमाने येतात. कोण कोणाच्या मागे आलं, ते आमच्या की आम्ही त्यांच्या, याचा उलगडा मला इतक्या वर्षांत झालेला नाही. धोबी आले की मैदानाच्या दिव्यांची चाचणी होते, कोणीतरी चुन्याच्या रेघा ओढायला लागतं, आणि रग्बीचा मोसम सुरू होतो.

त्याच सुमाराला माझ्या डोक्यात घोळ सुरू होतो. तसा तो दरवर्षी होतो, पण यंदा जरा जास्तच झाला.

झालं असं, की आमची मुलगी ऑर्ना, जी शाळेत खेळ शिकवते आणि क्लबच्या कमिटीवरही आहे, एका दुपारी घाईघाईने आली. क्लबला आता चार भिंतींची, छपराची स्वतःची जागा मिळाली होती. आत शिरताच समोरच्या भिंतीवर क्लबच्या सर्वकाळच्या श्रेष्ठ खेळाडूंची नावं लागणार होती. सर्वकाळच्या! मला हसू आलं. आमचा क्लब वयाने माझ्या फ्रिजपेक्षा थोडाच मोठा. पण ऑर्ना गंभीर होती. मैदानावर तेरा असतात म्हणून भिंतीवर तेराच नावं. बारांवरून भांडणं होऊन ती ठरली होती. तेराव्यावरून भांडण झालंच नव्हतं. ज्या एका हिवाळ्यात आम्ही जिंकलो, त्या हिवाळ्याच्या शेवटच्या सामन्यात ज्याने चेंडू रेघेपलीकडे टेकवला, तो तेरावा. म्हणजे तिचा बाप, माझा नवरा, शिमशोन. ती फक्त त्याचा तरुणपणचा फोटो मागायला आली होती.

शिमशोन टेबलाशी डाळिंब सोलत बसला होता. दाणे वाटीत, साल ताटात, अगदी सावकाश. मान वर न करता तो म्हणाला, "तो मी नव्हतो."

ऑर्नाने माझ्याकडे बघितलं. मी डाळिंबाकडे बघितलं.

आता इथे सांगायला हवं, की शिमशोन हल्ली विसरतो. पन्नाशीचा माणूस, पण चहात साखर घातली की नाही हे त्याला सांगता येत नाही, म्हणून पुन्हा घालतो. कारखाना सोडून दोन वर्षं झाली तरी सकाळी डबा मागतो. कधी कधी बयला हाक मारतो. बय म्हणजे त्याची आई, माझी सासू, जी बेर्शेबाच्या दवाखान्याच्या फेऱ्या करून करून एका उन्हाळ्यात गेली. डॉक्टरांना विचारलं, खेळताना डोक्याला मार बसला त्यामुळे का हो असं? डॉक्टर म्हणाले, असेल, नसेलही. त्यांनी तपासण्या लिहून दिल्या, त्यांचाही निष्कर्ष असेल-नसेलच निघाला. बेर्शेबाहून येताना बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत मजेत बसला होता आणि मी मात्र रडत होते. असो.

तर प्रश्न असा, की हा माणूस जेव्हा म्हणतो, तो मी नव्हतो, तेव्हा तो विसरलेला असतो, की खरं बोलत असतो?

अख्खं गाव त्याला आजही 'यारोक' म्हणतं. यारोक म्हणजे हिब्रूत हिरवा. भाजीवाला म्हणतो, बँकेतला पोरगा म्हणतो, ज्यांनी तो सामना पाहिलाच नाही असे लोकही म्हणतात. हे हिरवं नाव गेलं तर त्याच्याकडे राहिलं काय? आणि समजा ते त्याचं कधी नव्हतंच, तर इतकी वर्षं मी कोणाच्या पराक्रमाचे पेढे वाटत होते?

*

तो हिवाळा नव्वदच्या दशकातला. तेव्हा आमच्या गावात रग्बी म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नव्हतं. इंग्लंडच्या उत्तरेकडून आलेला एक लालबुंद मास्तर होता, त्याला आम्ही कोच म्हणायचो. कारखान्याच्या मागच्या आवारात जेवणाच्या सुट्टीत आमचे कोकणातून आलेले बाप्ये हुतूतू खेळत, ते त्याने एकदा पाहिलं. माणूस एका दमात धावतो काय, चारजण त्याच्या घोट्याला लटकतात काय, तरी तो रेघेकडे हात लांबवतो काय. कोच म्हणे तिथेच मटकन खाली बसला. त्याच्या देशात ज्यासाठी लोक लहानपणापासून तालीम करतात, ते हे लोक डबा खाऊन झाल्यावर करत होते. त्याने त्यांच्या हातात लांबोडका चेंडू दिला आणि क्लब सुरू झाला. कारखान्याचे लोक, शेजारचे मोरोक्कोवाले, एक रशियन सुतार, असे तेरा जमले.

हे तेरा जणांचं रग्बी. पंधरा जणांचं वेगळं असतं, हे मला कोचने फार कळकळीने सांगितलं होतं, जणू मी चुकून दुसऱ्याच घरात सून म्हणून गेले असते. मला नियम कधीच नीट कळले नाहीत. पुढे जायचं, पण चेंडू हाताने द्यायचा तो मागच्याला. सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा. रेघेपलीकडे नुसतं पोचून भागत नाही, चेंडू मातीला टेकवावा लागतो. बय म्हणाली, हे बरंय, पडणं मोजतात. शिमशोन धावताना तोंडातल्या तोंडात हुतूतू-हुतूतू म्हणत असे. किबुत्झवरचे, म्हणजे सामाईक शेतीच्या वस्तीतले, दक्षिण आफ्रिकी गडी त्याला अडवताना बिचकत, त्यांना वाटे हा काही मंत्र आहे.

मग आली कपड्यांची बात. कोचने कुठूनतरी राखाडी जर्सी मिळवल्या, कोऱ्या. नंबर शिवायला आमच्या घरी पाठवल्या, कारण शिवणयंत्र बयचं. आणि बयने नंबर शिवायला साफ नकार दिला.

बय माणसं मोजत नसे. जेवायला किती आले हे पाहायचं तर ती भाकऱ्या मोजे. नातवंडं फिरायला निघाली तर चपला मोजे. मशिदीत, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये, आमचे जुने लोक त्याला मशीदच म्हणतात, प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. तिथेसुद्धा एक-दोन-तीन म्हणत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा, वचन पुरं झालं की माणसं पुरी झाली. माणसावर आकडा ठेवला की त्याच्यावर नजर बसते. दावीद राजाने प्रजा मोजली तेव्हा केवढी मरी आली, हे बय डोळ्यांदेखत पाहिल्यासारखं सांगे. असल्या बाईला तुम्ही सांगणार, पोटच्या पोराच्या पाठीवर आकडा शीव!

"गुराढोरांवर डाग देतात तसे आकडे टाकायचे माझ्या पोरांवर?" ती कोचला म्हणाली. मराठीतच म्हणाली. मी हिब्रूत सांगितलं, त्याने इंग्रजीत डोकं धरलं.

शेवटी तोड तीच काढणार. तिने पेटी उघडली. कोकणातून आणलेल्या, विटलेल्या, विरलेल्या साड्या बाहेर काढल्या, आणि प्रत्येक जर्सीच्या पाठीवर एकेक रंगाचा तुकडा शिवला. मोरपंखी, डाळिंबी, हळदी, एक चौकड्याचा. शिमशोनला माझ्या मेंदीच्या दिवशीच्या साडीतला हिरवा, मला न विचारता. बेन्झीला जांभळा. बेन्झी हा शिमशोनचा जिवलग. कारखान्यात शेजारी, मैदानात शेजारी, आईबाप लवकर गेलेले, म्हणून जेवायलाही बहुधा आमच्याकडेच. बय त्याला 'माझा दुसरा' म्हणायची. पहिल्या सामन्याला रेफरी कुरकुरला, मग कोचने त्याला बाजूला नेऊन काय सांगितलं देव जाणे, पण तो मोसम आमच्या संघाने बिननंबरी काढला. लीगच्या नोंदीत म्हणूनच आमच्या कोणाचं नाव नाही. 'येरुहामचा एक खेळाडू' असं जागोजागी लिहिलेलं आहे. पुढच्या वर्षी नियम कडक झाले, छापील नंबर आले. मग आम्ही कधी जिंकलो नाही. बय यावर फक्त भुवया उडवायची.

गावाला मात्र रंग पाठ झाले. पोरंटोरं फाटकाला लटकून ओरडत, यारोक, यारोक! सेगोल, सेगोल, म्हणजे जांभळा! बायका कुठला तुकडा कुठल्या साडीचा ते ओळखत. मला माझी मेंदीची साडी चिखलात लोळताना बघून सुरुवातीला फार वाईट वाटायचं. मग तीच पुढे निघालेली दिसली की ऊर भरून यायचा. माणसाचं मन म्हणजे काही खरं नाही.

*

सामने शुक्रवारी दुपारी असायचे, कारण सूर्य मावळला की शब्बाथ, सगळी कामं बंद. म्हणून खेळ संपला की धावपळ. आमच्या घरी धुण्याचं यंत्र मोठं, तेव्हा जर्सी धुवायच्या मीच. दिवे लावायच्या आत त्या चिखलातून बाहेर काढायच्या, नाहीतर माती वाळून बसायची. ही आमची नेगेवची माती कोरडी असताना पिठासारखी उडते, आणि ओली झाली की मोदकाच्या उकडीसारखी बोटांना सोडत नाही. पुढल्या दारी दोरीवर जर्सी, घरात रॉकेलच्या हीटरवर संत्र्याच्या साली तापत ठेवलेल्या, चुलीवर फिश करी, आणि बय मेणाचा हात कपाळाला लावत चष्मा शोधत असायची. आजही संत्र्याची साल तापली की मला ओल्या लोकरीचा आणि चिखलाचा वास येतो. ऑर्ना म्हणते, येत नाही. तिला कसा येणार?

बयच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. पेसाहच्या सणानंतर बेर्शेबाला ऑपरेशन ठरलं होतं. तोवर तिला जग दुधातून बघितल्यासारखं दिसे, आणि चष्म्याविना तेवढंही नाही. पण एकही सामना चुकवायची नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी, आणि मी तिला धावतं वर्णन सांगायचं. मला नियम कळत नाहीत, तिला दिसत नाही, अशी आमची जोडी. कोणी आमचं ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, या बायका लग्नाच्या वरातीबद्दल बोलताहेत. आता तो निळा निघाला, आता त्याला धरला, आता सगळे त्याच्यावर पडले, आता उठले.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी आभाळ फाटलं. आमच्याकडे पाऊस येतो तो क्वचित, आणि आला की मोजून न देता सगळं एकदम ओतून मोकळा होतो. कोरडे नाले दुथडी वाहायला लागले, मैदानाची उकड झाली. पहिल्या पंधरा मिनिटांत सगळे सव्वीसजण एका रंगाचे झाले. हिरवा नाही, जांभळा नाही, आपला नाही, परका नाही. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. मी वर्णन बंद केलं. बय म्हणाली, सांग की. मी म्हटलं, बय, सगळीच माती आहे.

दोन्हीकडचे गुण सारखे. शेवटची काही मिनिटं. बयचा चष्मा पावसाने भरला, तिने तो काढून माझ्याकडे दिला, पूस म्हणाली. मी पदराचं कोरडं टोक शोधत होते. माझी मान खाली. तेवढ्यात गलका झाला, रेघेवर माणसांचा ढीग पडला, आणि माझ्या शेजारून बय उभी राहून ओरडली,

"हिरवा! माझा शिमशोन! टेकवला!"

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. कोकणात खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा. तो सगळ्या मैदानाने ऐकला आणि फाटकावरची पोरं ओरडली, यारोक! मग सगळेच ओरडले. ढीग सुटत होता, रेफरीचा हात वर होता, आणि लोकांनी चिखलातून जो पहिला उठला त्याला खांद्यावर घेतलं. तो शिमशोन होता. त्याच्या तोंडातसुद्धा माती होती, त्याला बोलताही येत नव्हतं.

आणि चष्मा माझ्या हातात होता.

हे मी कोणाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? आईने पोराला ओळखलं, बस. आईला कशाला लागतो चष्मा, असं मीच मला समजावलं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, तसं. खांद्यावरून खाली उतरल्यावर शिमशोन बयकडे आला, तिने त्याच्या तोंडावरचा चिखल पदराने पुसला, आणि मी तिच्या नाकावर चष्मा चढवला. 

शनिवारी संध्याकाळी शब्बाथ सुटल्यावर बयने मलीदा केला. संघ जिंकावा म्हणून तिचा एलियाहू हनाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या संदेष्ट्याला, नवस होता. बेर्शेबाहून आणलेले पोहे भिजवले, खोबरं, साखर, वेलची, वर बदाम, खजूर, पाच प्रकारची फळं. सगळा संघ आमच्या दोन खोल्यांत मावला, मोरोक्कोवाले आणि रशियन सुतारसुद्धा. म्हाताऱ्यांनी स्तवन म्हटलं. मी स्वयंपाकघरात चहा करत होते, त्यामुळे आत काय काय झालं ते मला दिसलं नाही. माझं नशीबच तसं. मोठं काही घडतं तेव्हा मी काहीतरी पुसत तरी असते, नाहीतर उकळत तरी.

*

"तो मी नव्हतो" हे शिमशोन एकदाच म्हणाला असता तर मी सोडून दिलं असतं. पण ऑर्ना गेल्यावर दुसऱ्या दिवशीही म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो फार छान होता, असे दिवस येतात, खिडकीत कोवळं ऊन आणि त्याच्या डोळ्यांत तो स्वतः. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, मग कोण होतं?

"बेन्झी," तो म्हणाला. "चेंडू त्याच्या हातात होता. माझ्या हातात त्याचा हात होता."

इतकी वर्षं बोलला का नाहीस, मी विचारलं.

"बय होती ना."

एवढंच. जणू याहून सोपं उत्तर जगात नाही. मी उठून भांडी घासायला लागले, घासलेलीच पुन्हा घासली. मला राग आला होता, आणि कोणाचा ते कळत नव्हतं. त्याच दुपारी त्याने मला विचारलं, बय अजून कशी आली नाही बाजारातून. झालं. म्हणजे सकाळचं खरं धरायचं, की दुपारच्याने सकाळचंही पुसून टाकायचं? एकाच माणसाच्या एकाच दिवसातलं अर्धं घ्यायचं आणि अर्धं टाकायचं, हे कोणत्या चाळणीने?

ऑर्ना रोज फोन करत होती. मी मराठीत बोलायचे, ती हिब्रूत उत्तर द्यायची, आमची पद्धतच ती. कमिटीला शुक्रवारपर्यंत नाव हवं होतं. ती म्हणाली, अब्बांना काय आठवतंय यावर कसं जायचं? अख्ख्या गावाने पाहिलंय. मग जरा थांबून म्हणाली, त्यांना आठवणार नाही तेव्हा भिंतीला तरी आठवू दे. हे ती म्हणाली तेव्हा मला तिचं सगळं पटलं. माझ्याही मनात दुसरं काय होतं? उद्या हा मला ओळखणार नाही, पण आत शिरताच समोर नाव असेल, मी बोट ठेवून दाखवीन, हा तू.

दोघांची नावं लावा की मग, मी म्हटलं. ऑर्नाला ते चाललं असतं. पण टेबलाशी बसलेला शिमशोन ऐकत होता. म्हणाला, "चेंडू एकच होता."

मग मी बेन्झीकडे गेले. लग्न झाल्यावर तो अरादला राहायला गेला, तिथे कूलर-पंख्यांची दुरुस्ती करतो. बेर्शेबाला बस बदलून जावं लागतं. बसमध्ये रस्ताभर मी ठरवत होते, त्याने काय सांगावं असं मला वाटतंय. बेन्झी 'तो मी' म्हणाला तर माझ्या नवऱ्याचं नाव जातं. 'तो मी नव्हे' म्हणाला तर माझ्या नवऱ्याची स्मृती जाते. यातलं काय वाचवायला मी निघाले होते, हे मला अराद आलं तरी ठरवता आलं नाही.

बेन्झीने एका उघड्या कूलरच्या पोटात हात घातलेला. मला बघून हात पुसले, चहा ठेवला, घरच्या सगळ्यांची विचारपूस केली. शिमशोनची विचारली तेव्हा आवाज खाली गेला. मी विषय काढला तर म्हणाला, वहिनी, आता त्याचं काय, सगळ्या गावाने पाहिलं की.

"गावाने फक्त बयचा आवाज ऐकला, बेन्झी," मी म्हटलं. "तिचा चष्मा माझ्या हातात होता."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "चेंडू माझ्या पोटाखाली होता. वर शिमशोन. माझ्या हातावर त्याचा हात. दाबला कोणी ते मला विचारू नकोस. मला वाटतं, मी. पण आईने पोराचं नाव घेतलं, तर मी काय उठून सांगू, बय चुकली?"

शिमशोनचेच शब्द. हातावर हात. चहातली साखर विसरणारा माझा नवरा हे एक लख्ख खरं सांगत होता. मला तिथे अरादच्या त्या दुकानात आनंदच झाला, हो, आनंद. त्याच्या डोक्यात अजून एक जागा आहे जिथे काही हललेलं नाही, याचा. आणि लगेच वाईट वाटलं, कारण ते खरं मानायचं तर त्याचं हिरवं नाव त्याच्यापासून हिरावून घ्यायचं होतं.

निघताना बेन्झी बसस्टॉपपर्यंत आला. तिथे उभा असताना म्हणाला, वहिनी, तुला एक माहीत नाही. त्या मलीद्याच्या दिवशी, स्तवन झाल्यावर, ताटातला पहिला घास ज्याच्या हातून नवस फळला त्याला द्यायचा, तो बयने मला भरवला. मी म्हटलं, बय, शिमशोन तिकडे बसलाय. तर म्हणाली, गप खा.

"आजपर्यंत कळलं नाही मला," बेन्झी म्हणाला, "तिने मला ओळखून भरवला, की न ओळखता."

बस आली म्हणून बरं झालं.  बेर्शेबापर्यंत मी त्या एका घासाचा विचार करत होते. मोतीबिंदूच्या दुधात बयला समोर एक रुंद छातीचा माणूस दिसला, तो आपला शिमशोन असं समजून तिने भरवलं असेल. मग शिमशोन तिकडे बसलाय म्हटल्यावर तिला तो थट्टा करतोय असं वाटलं असेल. किंवा मैदानावर तोंडून पोराचं नाव निघून गेलं, आईच ती, आणि नंतर कोणाच्या तरी चेहऱ्यावरून, आवाजावरून तिला कळलं असेल, आणि तिने आपल्या परीने फेडलं असेल. जाहीर ओरडली ते एकाचं, गुपचूप भरवलं ते दुसऱ्याला. माणसं मोजायची नसतात म्हणणारी बाई. तिच्या लेखी कदाचित पहिला आणि दुसरा असं काही नव्हतंच. विचारायला आता कोण आहे? मी मात्र खिडकीबाहेरच्या पिवळ्या टेकड्यांना विचारत राहिले.

*

गुरुवारी मी ऑर्नाला सांगितलं, बेन्झीचं नाव लावा.

ती रडली. तिने हिब्रूत मला बरंच काही सुनावलं, त्यातलं काही मला कळलं नाही असं मी दाखवलं. मग मी तिला म्हटलं, तुझा बाप हळूहळू सगळं विसरणार आहे. ज्या दिवशी त्याला नाही म्हणता येणार नाही, त्या दिवसापासून त्याच्या वतीने आपण बोलायचंच आहे, मरेपर्यंत बोलायचं आहे. आज तो नाही म्हणतोय. ते ऐकू या की.  फोन ठेवल्यावर मला वाटलं, मी हे काय करून बसले. रात्रभर तेच वाटत राहिलं. खरं सांगायचं तर अजूनही अधूनमधून वाटतं.

बेन्झी फोनवर म्हणाला, माझं नाव लावलंत तर मी येणारच नाही. आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पहिल्या बसने.

क्लबच्या नव्या खोलीला ताज्या रंगाचा वास होता. पोरापोरींची गर्दी, खारे शेंगदाणे, कोणाचं तरी भाषण. कापड ओढलं, तेरा नावं दिसली, टाळ्या झाल्या. गर्दीत कोणीतरी म्हणालं, यारोकचं कुठंय? आणि कुजबुज सुरू झाली. ऑर्ना दाराकडे तोंड करून उभी राहिली.  शिमशोन सगळी नावं सावकाश वाचत गेला, ओठ हलवत, लहान मुलासारखा, शेवटच्या नावापर्यंत आला आणि थांबला. मग वळून त्याने बेन्झीला गर्दीतून शोधून काढलं आणि त्याच्या पाठीवर, जिथे जांभळा तुकडा असायचा नेमकं तिथे, जोरात थाप मारली. बेन्झीला मान वर करवेना.

मग शिमशोन माझ्याकडे आला. अगदी जवळ येऊन, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने मराठीत विचारलं, "बयला दिसलं का?"

मी भिंतीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. बय जाऊन किती वर्षं झाली, हे मी त्याला गेल्या महिन्यात दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा तो नव्याने रडला होता.

"दिसलं," मी म्हटलं.

त्याचं समाधान झालं नाही. कपाळाला आठ्या पडल्या. "चष्मा होता ना या वेळी?"

"होता," मी म्हटलं. "मी पुसून दिला होता."

त्याने मान हलवली, आणि शेंगदाणे घ्यायला बेन्झीच्या मागे जाऊन उभा राहिला.